बा हद्दूचा काळा हात

"पडला! काळा पडला!"

चामडी कमावण्याच्या हौदांपाशी एकच ओरडा झाला. वर गच्चीत दुर्गंधी टाळायला पुदिन्याची डहाळी नाकाशी धरून उभे असलेले प्रवासी कठड्यावर ओणवले. मी माझ्या बावीस मुली मोजत होतो, ती मोजणी तिसऱ्यांदा चुकली. डोंगरातल्या आमच्या शाळेची सहल फेस नावाच्या शहरात आली होती. चारला बस सुटायची होती आणि साडेतीन वाजून गेले होते. पण मुली जिना उतरून खाली धावल्याही, आणि त्यांच्यामागे मी.

झालं होतं असं. तासाभरापूर्वी एका डच बाईंचा कॅमेरा जिन्यावरून नाहीसा झाला. बाईंनी पोलिसांचं नाव काढलं, तशी कारागिरांचे मुखिया तहामी यांची गाळण उडाली. पोलीस आले की गच्ची बंद, प्रवासी बंद. म्हणून त्यांनी फकीह बूशता यांना बोलावलं. ताईत, गंडे, हरवलेल्या वस्तू, रुसलेल्या बायका, सगळं खातं यांच्याकडे.

"सात झऱ्यांचं पाणी!" निळी बाटली उंच धरून फकीह गर्जत होते. "ज्याचं मन काळं, त्याचा तळवा काळा! हे पाणी लाच खात नाही, हे पाणी कुणाला भीत नाही, या पाण्याला मेहुणा नाही!"

तासाभरात जिन्यापाशी दिसलेल्या तिघांना पुढे उभं केलं होतं. आधी चामड्याच्या दुकानातल्या विक्रेत्याच्या तळव्यावर पाणी पडलं. काही नाही. खेचरवाल्याच्या तळव्यावर पडलं. काही नाही. मग बा हद्दूच्या तळव्यावर पडलं, आणि बघता बघता तिथे शाई सांडावी तसा डाग पसरला.

हाच म्हातारा मघाशी माझ्या मुलींना हौदातली कातडी हातात धरून बघू देत होता. डाळिंबाच्या सालींच्या पाण्यात मांडीपर्यंत बुडून चाळीस वर्षं उभा राहिलेला माणूस.

"मी नाही घेतला," तो पुन्हा पुन्हा तळवा धोतरासारख्या गुंडाळलेल्या फडक्याला पुसत म्हणाला. डाग हलेना. "तहामी, अरे, तू मला लहानपणापासून ओळखतोस!"

"मी ओळखतो, बा. पण पाण्यानं दाखवलं." तहामींनी मान वळवली. "चोराशेजारी कोण उभा राहील हौदात? संध्याकाळी जागा रिकामी कर."

"माझ्या बापाची जागा आहे ती. उद्या मी उभा कुठे राहू?"

मी घड्याळाकडे पाहिलं. पाय बसकडे ओढत होते, तेवढ्यात कुणीतरी माझी बाही ओढली. आमची तूदा. वर्गात मला सर्वांत जास्त छळणारी मुलगी.

"उस्ताद, बाचे हात आधीपासूनच पिवळे होते. त्या दोघांचे नव्हते."

"मग?"

"मग पाणी चोराला ओळखतंय की पिवळ्या हाताला?"

मी खाली वाकलो. मग हौदाकाठच्या ढिगातली डाळिंबाची एक भिजलेली साल उचलली, तळव्यावर खसाखसा चोळली आणि हात फकीहांपुढे धरला.

"घाला पाणी."

"तुम्ही कशाला, उस्ताद? तुमच्यावर संशय नाही."

"म्हणूनच घाला. कॅमेरा गेला तेव्हा मी बावीस पोरींबरोबर गच्चीवर होतो. बावीस साक्षीदार आहेत."

"आहेत!" मुली ओरडल्या.

फकीह बाटली झग्यात लपवू लागले, पण त्या डच बाई पुढे झाल्या, त्यांनी फकीहांच्या हातून ती काढून घेतली आणि माझ्या तळव्यावर ओतली. मिनिटभरात तो बा हद्दूच्या तळव्यासारखाच काळा झाला.

खेचरवाला फिदीफिदी हसला. "उस्ताद, कॅमेरा कुठे ठेवलात?"

मग काय! तूदानं साल चोळली, तिच्यामागे सगळ्या मुलींनी चोळली, आणि बाईंनी एकेका तळव्यावर पाण्याचे थेंब टाकले. बावीस चोर उभे राहिले. शेवटी तहामींनी आपला पिवळट तळवा पुढे केला. तोही काळा.

मी बाटलीचा वास घेतला. नारिंगीच्या फुलांच्या अत्तराखाली आंबूस वास होता, सिरक्याचा, म्हणजे व्हिनेगरचा. त्या हौदांच्या दुर्गंधीत तो कुणाच्या नाकाला कळणार? तळाशी दोन गंजके खिळे खुळखुळले.

"मुलींनो, लोखंड सिरक्यात विरघळतं," मी म्हणालो. "डाळिंबाच्या सालीतला तुरट रस कातडी कमावतो, आणि हाताच्या कातडीतही मुरतो. त्या रसाला लोखंडाचं पाणी लागलं की काळं होतं. पूर्वी शाई अशीच करत. यात झराही नाही नि चमत्कारही नाही."

मी मान वर केली तेव्हा फकीह गर्दीत नव्हते. त्यांची एक चप्पल तेवढी चिखलात रुतली होती.

तहामी लिंबू कापून घेऊन आले. "बा, लिंबानं जाईल. दे हात."

"राहू दे." बा हद्दूनं हात मागे घेतला. "उद्या येईन तेव्हा असाच येईन. तुझाही राहू दे." आणि तो हौदात उतरला.

बस आमची गेलीच. पुढच्या बसची वाट बघताना तूदानं विचारलं, "पण उस्ताद, कॅमेरा घेतला कुणी?"

"मला माहीत नाही."

तिला ते आवडलं नाही. मलाही आवडलं नव्हतं. कॅमेरा आजपर्यंत सापडलेला नाही. पण उत्तर माहीत नसलं की त्याची जागा रिकामी ठेवायला धीर लागतो, आणि तो नसला की ती जागा भरायला कुणीतरी बाटली घेऊन येतोच. तेव्हा ही गोष्ट ऐकणाऱ्या मुलांनो, कुणी तुम्हाला दोषी माणसाचा काळा हात दाखवला, तर एवढंच करा. तेच पाणी एका निर्दोष हातावर ओतून बघा. दुसरा कुणी नाही मिळाला तर आपल्या हातावर.