प्रातलुंकचं विरजण

“नीवेस, विरजण मेलं.”

सकाळचे सव्वासात झाले होते. मी खाली उदिने शहरात आमच्या संस्थेच्या आवारात गाडी लावत होते आणि फोनवर माझा मामेभाऊ एर्मेस होता. वर डोंगरात, प्रातलुंक गावच्या सहकारी डेअरीत तो एकतीस वर्षं चीज करत होता. फोन करणं त्याच्या जिवावर येतं. वर्षातून दोनदा करतो, नाताळला आणि कोणी गेलं तर.

“मेलं म्हणजे काय रे दादा?”

“मेलं म्हणजे मेलं. तीन दिवस झाले, निवळी आंबतच नाही. परवाचं चीज फुगलं, कालचंही फुगलं, सगळं डुकरांना घातलं. विषाणू लागलाय म्हणे. मी सगळी डेअरी वाफेनं धुऊन काढलीय. तू तुमच्याकडचं पाठवून दे, म्हणजे कामाला लागतो. सभासद बिथरलेत. रविवारपर्यंत थांबतो म्हणाले, नाहीतर दूध खालच्या कारखान्याच्या टँकरला.”

“अरे देते की! संध्याकाळी मीच घेऊन येते.”

किती सहज बोलून गेले मी! जशी काही त्याच्या विरजणाची ती बरणी माझ्या घरच्या फ्रीजमध्येच होती.

आमच्या डोंगरात चीजचं विरजण असं असतं: आज चीज काढलं की कढईत निवळी उरते. तिच्यातली बादलीभर उबेला ठेवायची, आंबू द्यायची, ती उद्याच्या दुधात घालायची. उद्याची परवाच्या. प्रातलुंकमध्ये हे एर्मेसला शिकवणाऱ्याच्याही आधीपासून चालत आलेलं. आणि मेलं तर काय, याचीही सोय होती. आपलं थोडं विरजण घाटापलीकडच्या डेअरीत चालू ठेवायचं, त्यांचं आपल्याकडे. ज्याचं मरेल त्यानं कॅन घेऊन यायचं आणि आपलं घेऊन जायचं. विरजणाला कोणी नाही म्हणत नाही आणि विरजणाचे कोणी कागद करत नाही.

सहा वर्षांपूर्वी घाटापलीकडच्या डेअरीनं कंपनीच्या पुड्या वापरायला सुरुवात केली. एर्मेस शेजाराला मुकला. नेमका तेव्हाच आमचा विरजणातल्या जिवाणूंवरचा प्रकल्प आला.

संस्था सरकारी, मी तिथं प्रकल्प विभागात. संशोधन करायचं तर युरोपीय निधीसाठी ब्रसेल्सकडे अर्ज करायचा, आणि ब्रसेल्सचं म्हणणं असं की नुसते सरकारी पंडित नकोत, खासगी उद्योगही बरोबर आणा. एक मोठा आणि शक्यतो एक लहान, म्हणजे गुण बरे पडतात. मोठी कंपनी पटकन मिळाली. उत्तरेकडची, जगभर विरजणाच्या पुड्या विकणारी. लहान काही मिळेना. अर्जाच्या मुदतीला नऊ दिवस उरले तेव्हा आमचे प्रमुख शास्त्रज्ञ डॉ. मोरोकुत्ती माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

“नीवेसबाई, तुमच्या गावाकडे काहीतरी असेल ना? काहीही चालेल हो. श्वास घेणारा एखादा उद्योग.”

असा एर्मेस ब्रसेल्सच्या कागदावर चढला. अकरा सभासद, एकशेचार गाई, एक तांब्याची कढई. हुद्दा, लहान उद्योग. हे ऐकून तो खोकला येईपर्यंत हसला. “मी उद्योग? आईशप्पथ! आता टाय आण मला.” पुढं त्याला दर महिन्याला कामाच्या तासांचा तक्ता भरावा लागला. त्यात रविवारचे तास टाकले की संगणक तक्ता परत पाठवायचा. “गाईंना सांग तुझ्या ब्रसेल्सला रविवारी सुट्टी असते म्हणून,” तो म्हणायचा. मी त्याचे रविवार सोमवारात ढकलून द्यायचे. एवढंच खोटं आम्ही दोघांनी केलं असं मला तेव्हा वाटायचं.

खरी गोष्ट करारात होती. भागीदारांच्या कराराला एक जोडपत्र असतं. आपण प्रकल्पात कोणती वस्तू, कोणतं ज्ञान घेऊन येतो ते प्रत्येकानं त्यात लिहायचं. लिहिलं ते ज्याचं त्याचं राहतं. कंपनीनं चौदा पानं लिहिली होती. आमच्या संस्थेनं तीन. लहान भागीदाराच्या नावापुढं आम्ही प्रकल्पवाले सरळ ‘निरंक’ टाकतो. सगळेच टाकतात. काही लिहिलं की कंपनीचे वकील प्रश्न विचारतात, सह्या लांबतात, मुदत हुकते. मी सहा करारांत ‘निरंक’ लिहिलं होतं, आकाश कोसळलं नव्हतं. सातव्यातही लिहिलं, शुक्रवारी दुपारी, एका हातात सँडविच धरून. एर्मेसला विचारलंसुद्धा नाही.

त्यानं मीठ लावायच्या टेबलावर ओल्या हातानं सही केली.

“काय लिहिलंय गं यात?”

“काही नाही रे, नेहमीचंच.”

“बरं.” मग त्यानं बरणी माझ्या हातात दिली. “नीट ठेवाल ना? आता माझे शेजारी तुम्हीच.”

“उणे ऐंशीवर ठेवतो दादा. तुझे नातू चीज करतील यातनं.”

त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला. दुसरीकडे कुठंही विरजण ठेवलं नाही.

तर त्या सकाळी मी कोटसुद्धा न काढता मोरोकुत्तींच्या खोलीत गेले. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

“बाई, असं देता येणार नाही. त्या विरजणातून आपण जे जिवाणू वेगळे काढले ते आपले आणि कंपनीचे, समाईक. बाजारात आणायचा हक्क एकट्या कंपनीचा. बाहेर द्यायचे तर त्यांची लेखी परवानगी लागते.”

“बाहेर? अहो, ज्याच्या घरातून आणले त्यालाच द्यायचेत!”

“त्यानं करारात तसं लिहिलं आहे का?”

मी दाराला पाठ लावून उभी राहिले.

“लिहिलेलं नाही,” तेच म्हणाले. “मी बघितलंय. प्रकल्प संपल्यावर वर्षभरात मागणी करायची मुभा होती, ती मुदतही गेली.”

“डॉक्टर, एक डबा फ्रीजरमधून काढायचा आणि माझ्या पिशवीत टाकायचा. कोणाला कळणार आहे?”

“आणि कळलं तर? पुढच्या अर्जात आपल्याबरोबर कोणती कंपनी बसेल? प्रयोगशाळेत अकरा मुलं आहेत, अकराही जणांचा पगार प्रकल्पातून होतो.” ते वाईट माणूस नाहीत हो. बोलताना त्यांची मान खाली होती. “तुम्ही यॉरिटशी बोला. भला माणूस आहे.”

यॉरिट म्हणजे त्या कंपनीचा आमचा प्रकल्प बघणारा माणूस. खरोखरच भला. संगणकाच्या पडद्यावर आला, एर्मेसची चौकशी केली, बैठकीला आला होता तेव्हा त्याच्या हातची पोलेंता, म्हणजे मक्याच्या पिठाची उकड, आणि तळलेलं चीज खाल्लं होतं त्याची आठवण काढली. मग म्हणाला, “नीवेस, फार वाईट झालं. पण वसंतात आमची नवी पुडी येतेय, डोंगरी चीजसाठी. त्या विरजणातले सहा जिवाणू आहेत तिच्यात. पहिला खोका एर्मेसला. माझ्याकडून.”

“सहा? आणि बाकीचे?”

“चौतीस आम्ही राखून ठेवलेत. ते आत्ता देता येणार नाहीत, वकील ऐकणार नाहीत. आणि अजून कितीतरी होते, पण ते काचेच्या बशीत वाढतच नाहीत. ते फक्त मूळ बरणीतच जगतात.”

त्या वाक्यानं माझ्या जिवात जीव आला. मूळ बरणी! वेगळे काढलेले जिवाणू गेले खड्ड्यात. ती तर आणली तशीच आमच्या फ्रीजरमध्ये होती. मी ठरवलं, चोरायची. चोरी तर चोरी. तीस वर्षांच्या नोकरीत मी संस्थेची टाचणीसुद्धा घरी नेली नव्हती, पण त्या दिवशी दुपारी जेवायच्या सुट्टीत मी बर्फाचा डबा घेऊन तळघरात उतरले.

फ्रीजर सांभाळणारी आल्बीना तिथंच सफरचंद खात बसली होती. मी तिला सगळं सांगून टाकलं. ती माझ्याकडे बघतच राहिली.

“अगं बाई, ती बरणी कुठली आता? मागच्या मार्चमध्येच गेली.”

“गेली म्हणजे?”

“प्रकल्प संपला, वर्ष उलटलं, कच्चे नमुने नष्ट. नियमच आहे ना तसा, जागा कुठाय? एकशेएकवीस अंशावर वाफवले आणि ओतून दिले.” तिनं फाइल काढली, पान उलटलं. नमुने नष्ट केल्याचा दाखला होता. खाली प्रकल्प विभागाची सही. माझी. एक्केचाळीस पानांच्या गठ्ठ्यात आली असणार, मी खालून एकेक पान उचलत सह्या करत गेले असणार. मला आठवतसुद्धा नव्हतं.

मी त्या तळघरात खालीच बसले. आल्बीना पाणी घेऊन आली. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि भीतीही.

एर्मेसला फोन करायची हिंमत झाली नाही. रोज एक खोटा निरोप पाठवला: परवानगी येतेय, उद्या कळेल, परवा नक्की. तो तिकडे रोज नवीन निवळी आंबवायचा प्रयत्न करत होता. तीनदा केलं, तिन्हीदा कडू झालं. रविवारी सकाळी मी वर गेले. चर्चमधली प्रार्थना चालू होती, तो एकटाच डेअरीत कढई घासत होता. कढई चकचकीत होती तरी घासत होता.

“आणलंस?” माझ्या हाताकडे न बघताच त्यानं विचारलं.

मी सगळं सांगितलं. जोडपत्र, ‘निरंक’, दाखला, वाफ, सगळं. रडू येत होतं ते दाबून सांगितलं, कारण रडायचा हक्क मला नव्हता. त्यानं घासणी खाली ठेवली.

“ओतून दिलं?” तो म्हणाला. “डुकरांना तरी घालायचं.”

“दादा, मला मार. शिव्या दे.”

“शिव्या देऊन आंबणार आहे का ते?” त्यानं हात पुसले. “ऐक. आत्ता सगळे येतील. तू काही बोलू नकोस. तुझी अजून सहा वर्षं नोकरी आहे, नवरा अंथरुणाला खिळलाय. गावात तुला यायचं असतं, तुझ्या आईची माती इथं आहे. मी बघतो.”

“तू काय बघणार?”

“सही माझी आहे की नाही कागदावर?”

चर्च सुटल्यावर अकराही सभासद आले, त्यांच्या बायकाही आल्या. डेअरीचे अध्यक्ष देल्फीनोकाका मधोमध बाकावर बसले. त्यांनी टोपी काढली नाही.

“बोल एर्मेस. विरजण कुठाय?”

“नाही.”

“नाही म्हणजे? संस्थेत होतं ना?”

“मी देऊन टाकलं होतं त्यांना. कागदावर सही केली, न वाचता. आपलं म्हणून लिहून द्यायचं होतं, ते मी दिलं नाही. आता त्यांच्याकडेही नाही, आपल्याकडेही नाही.”

खोलीत गलका उठला. कोणीतरी म्हणालं, घाटापलीकडच्यासारख्या पुड्या टाकू. देल्फीनोकाका तडकले, “पुड्याच टाकायच्या तर आपण कशाला हवेत? पुड्या टाकणारा कारखाना आहे की खाली!” मग ते एर्मेसकडे वळले. “ब्रसेल्सवाले आले म्हणून हुरळलास. साहेब झालास. आमच्या आज्यांनी जपलेलं तू कागदावर घालवलंस. घरबुडव्या!”

एर्मेस भिंतीला टेकून उभा होता. मान वर होती, पण चेहरा राखेसारखा. एका बाईनं माझा हात धरला आणि ती म्हणाली, “नीवेस, तू तिथंच असतेस ना गं? तुला तरी विचारायचं होतं यानं.”

सगळे माझ्याकडे बघत होते. एर्मेसही. मी तोंड उघडलं. देवाशपथ सांगते, शब्द जिभेवर आले होते. मी लिहिलं, मी सही केली, त्याला काही ठाऊक नव्हतं. तीन वाक्यं फक्त.

“हो,” मी म्हणाले. “विचारायला हवं होतं त्यानं.”

हात वर झाले. अकरापैकी नऊ. सोमवारपासून दूध टँकरमध्ये गेलं. पुढच्या महिन्यात डेअरीला कुलूप लागलं, कढई कोणी हॉटेलवाल्यानं फुलझाडं लावायला नेली.

एर्मेस अजून प्रातलुंकमध्येच राहतो. खानावळीत गेला तर त्याच्या टेबलावर कोणी बसत नाही, म्हणून आता जातच नाही. देल्फीनोकाका त्याला बघून रस्ता बदलतात. मी आईच्या मातीवर फुलं ठेवायला जाते तेव्हा मात्र लोक दारातून हाक मारतात, कॉफी पाजतात, नवऱ्याची चौकशी करतात. निघताना कोणीतरी हातात अंडी ठेवतं, आणि मी ती घेते.