चनबसप्पांच्या वजनाचा गूळ

या, असे जवळ सरका. पंखा तुमच्याकडे वळवून घ्या, मला उकाड्याची सवय आहे. बुवा आधी तासभर निरूपण करतात आणि मग आख्यानाला हात घालतात. माझ्याजवळ तेवढा दम नाही, म्हणून थेट आख्यानच सांगते. त्यात देव आहे, नवस आहे, एक पिवळी गाडी आहे आणि युद्धही आहे. पण युद्ध नवरा-बायकोचं, तेव्हा कुणी मरत नाही.

आमच्या भिंतीला भिंत लागून चनबसप्पांचं घर. सोलापूरच्या नवी पेठेत त्यांचं कापडाचं दुकान. सगळा जन्म गादीवर मांडी घालून गेला. गिऱ्हाईक "अजून दाखवा" म्हणालं की उलगडायचं, "नको" म्हणालं की घडी घालायची. या माणसाने कधी कशाची घाई केल्याचं कुणाला आठवत नाही. जेवणसुद्धा इतकं सावकाश की पुढची भाकरी तव्यावर टाकावी की नाही, हा नागम्माला रोजचा प्रश्न. नागम्मा म्हणजे त्यांची बायको, आणि कीर्तनात माझ्या शेजारी बसणारी माझी मैत्रीण. अंगाने एवढीशी, पण बुवा चुकले तर पहिल्या रांगेतून त्यांना आठवण करून देणारी.

मग चनबसप्पांच्या छातीत कळ आली. ऑपरेशन झालं. मुलाने, प्रभुलिंगने, दुकान हातात घेतलं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, रागवायचं नाही, ओझं उचलायचं नाही, बाकी मनाला आवडेल ते करा. हे शेवटचं डॉक्टरांनी बोलायला नको होतं.

मागच्या शेडमध्ये दुकानाचे गठ्ठे असायचे, तिथे एक दिवस लोखंडी पाइप येऊन पडले. एमआयडीसीत गुरप्पाचं वर्कशॉप आहे, यंत्रमागाची मोडतोड जोडून देणारं. त्याला हाताशी धरून चनबसप्पा चक्क गाडी बांधायला बसले. भंगारातल्या मारुती आठशेचं इंजिन, तेही पुढे नाही, माणसाच्या पाठीमागे. पाइपांचा सांगाडा, वर फायबरची पातळ बॉडी, दोन खुर्च्या, छप्पर नाही. हौशी लोक अशी हलकी गाडी घेऊन ट्रॅकवर जातात, वेगात गोल फिरतात आणि निघाले तिथेच परत येतात. मी म्हटलं, म्हणजे प्रदक्षिणाच की. चनबसप्पा म्हणाले, "व्हय, पण हेल्मेट घालून."

गल्लीने त्यांना सुखाने जगू दिलं नाही. कुणी विचारायचं, बाकीची अर्धी गाडी कधी येणार. कुणी म्हणायचं, चनबसप्पाशेठनी कापड वाचवलं, छपराला पुरलं नाही. खुर्ची जमिनीला इतकी टेकलेली की आमच्या गल्लीतलं कुत्रं उभं राहिलं तर चनबसप्पांच्या डोळ्यांत सरळ बघायचं. ते सगळ्यांचं हसून ऐकायचे. नागम्मा आल्यागेल्याला चहा द्यायची, हातावर गुळाचा खडा ठेवायची आणि म्हणायची, बघा बाई, काय वेड लागलंय.

इंजिन मात्र त्यांनी असं लावलं की काय सांगू. कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे, आणि कान लावून ऐकत बसायचे. कीर्तनाआधी पेटीवाला आणि तबलजी सूर जुळवत बसतात तेव्हा आपण कंटाळतो, पण तिथेच अर्धं कीर्तन ठरलेलं असतं. गुरप्पा डोळे मिटून म्हणायचा, "मालक, आता लई ग्वाड बोलतंय की." नागम्मा म्हणायची, माझं बोलणं एवढं कान लावून कधी ऐकलं नाहीत.

प्रभुलिंगला हे काहीच गोड लागत नव्हतं. मुलगा वाईट नाही हो. वडिलांना स्ट्रेचरवरून नेताना त्याने बघितलं होतं, ते त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. शेवटी त्याने अट घातली. अप्पांनी एक दिवस ट्रॅकवर जावं. तिथल्या शिकवणाऱ्या माणसाने गाडी आणि अप्पा दोघांनाही पास केलं, तर गाडी राहील. नाही केलं, तर गाडी उकलायची आणि शेड परत दुकानाच्या मालाला द्यायची. चनबसप्पांनी मान डोलावली. त्या रात्री ते जेवले नाहीत, असं नागम्माने मला सांगितलं, आणि एवढं बोलून पदराचं टोक चोळत बसली.

आता या कथेत गूळ कसा शिरला ते ऐका. ऑपरेशनच्या वेळी नागम्माने दवाखान्याच्या जिन्यात नवस बोलला होता: हा माणूस स्वतःच्या पायांनी घरी आला, तर वळसंगच्या मठात त्याची गुळाची तुला करीन. वळसंग त्यांचं मूळ गाव. तुला झाली. एका पारड्यात चनबसप्पा लाजत बसले, दुसऱ्यात ढेपा चढल्या आणि काटा समेवर आला. हा गूळ मग प्रसाद म्हणून वाटायचा असतो, घरात ठेवायचा नसतो. पण परत येताना तो टेम्पोतून घरीच आला, कारण चनबसप्पांच्या डोक्यात काहीतरी चमकलं होतं.

त्यांच्या गाडीचं शेवटचं काम राहिलं होतं. चारही चाकांखाली एकेक वजनकाटा ठेवायचा, कुठल्या चाकावर किती भार पडतो ते बघायचं आणि डाव्या-उजव्या बाजूंचा भार जुळेपर्यंत स्प्रिंगखालची कडी वर-खाली फिरवायची. काटे मार्केट यार्डातून मागून आणले होते. पण हे करताना चालवणारा खुर्चीत बसलेला हवा, कारण इतक्या हलक्या गाडीत माणसाचं वजन म्हणजे मोठी गोष्ट. चनबसप्पा खुर्चीत बसले तर कडी फिरवणार कोण? गुरप्पा बिचारा तयार होता, पण मालकांना दुसऱ्याच्या हातची कडी चालत नव्हती. तेव्हा त्यांनी ठरवलं, माझ्या खुर्चीत माझा गूळ बसेल. मठात देवासमोर तोलून घेतलेलं माझं वजन, याहून खरं वजन जगात कुठलं?

ढेपा पोत्यात भरून खुर्चीत बसवल्या, वर पट्टा आवळला. नागम्माला देवाची वस्तू अशी अडकवून ठेवलेली पटली नव्हती. चनबसप्पा म्हणाले, चारच दिवस. पण ज्याला घास गिळायला इतका वेळ लागतो त्याचे चार दिवस केवढे! उन्हाळा गेला, श्रावण आला, ते आपले काट्यापुढे पालथे पडून कडी फिरवत होते. एक दिवस काटा जुळायचा, दुसऱ्या दिवशी परत हललेला. गुरप्पा म्हणाला, काटंच खोटं हाईत. मी म्हटलं, मुंग्यांचं वजन धरलंत का. कारण मुंग्यांनी तर खुर्चीला वारीच लावली होती.

एकदाचे चारही काटे जुळले. गाडी वळसंगला मेव्हण्याच्या शेतात नेऊन चालवूनही बघितली. वाट सरळ, आणि शेजारी इंजिन ऐकायला गुरप्पा बसलेला. गाडी पाण्यासारखी वाहिली.

मग तो दिवस आला. पुण्याच्या वाटेवर माळावर हौशी लोकांसाठी एक ट्रॅक आहे. छोटा हत्ती टेम्पोवर पिवळी गाडी बांधली, हार घातला, आणि सगळे निघालो. नागम्माने मला सोबतीला घेतलं होतं. तिथे बाकीच्यांच्या गाड्या चकचकीत, पोरं पंचविशीची. चनबसप्पा धोतर सोडून पॅंटमध्ये आलेले, कपाळावर विभूतीचे पट्टे, त्यावर हेल्मेट. शिकवणारा पृथ्वीराज नावाचा तरुण होता, मोठा नम्र. त्याने गाडीखाली वाकून वेल्डिंग बघितलं आणि गुरप्पाशी हात मिळवला. गुरप्पाने तो हात नंतर किती तरी वेळ खिशात घातला नाही.

पहिल्या फेऱ्यांना पृथ्वीराज शेजारी बसला. उतरल्यावर म्हणाला, काका छान चालवतात, कुठेही धसमुसळेपणा नाही. प्रभुलिंगचे खांदे जरा खाली आले. आता एकट्याने चालवायचं होतं, तीच खरी परीक्षा.

एकटे गेले आणि सगळं फिसकटलं. उजव्या वळणावर गाडी शहाण्यासारखी वळायची. डावं वळण आलं की मागचा भाग बाहेर निघायचा. दोनदा त्यांनी सावरलं. तिसऱ्यांदा गाडीने स्वतःभोवती गिरकी घेतली आणि तोंड उलटीकडे करून गवतात जाऊन थांबली. लागलं कुणालाच नाही. नागम्माने माझा हात धरला होता, त्याचे वळ संध्याकाळपर्यंत होते.

गाडी ढकलत आणली. प्रभुलिंगचा चेहरा पांढरा पडला होता. तो हळू आवाजात म्हणाला, "पुरे, अप्पा. शेजारी कुणी असलं तर जमतं तुम्हाला, एकट्याने नाही. झालं आपलं." चनबसप्पा खाली बघत हेल्मेटचा पट्टा काढत होते, पण तो काही निघेना.

पृथ्वीराज मात्र गाडीभोवती फिरत होता. त्याने विचारलं, काट्यावर गाडी जुळवली तेव्हा खुर्चीत काय ठेवलं होतं? चनबसप्पांच्या आवाजात थोडा जीव आला. त्यांनी तुलेची सगळी कथा सांगितली, देवासमोरचं वजन, तोळामासा फरक नाही.

तेवढ्यात माझ्या शेजारून नागम्मा म्हणाली, "अय्य, तो गूळ होय? तो तर मी वाटत आले की."

सगळे तिच्याकडे वळले. तिला वाटलं विचारताहेत, म्हणून ती सविस्तर सांगू लागली. देवाचा प्रसाद किती दिवस अडकवून ठेवायचा? म्हणून गाडी बघायला जो यायचा त्याच्या हातावर ती पोत्यातला खडा ठेवायची. पुढे मठातल्या शाळेला ढेप दिली, आमच्या कीर्तनाच्या मंडळाला ढेप दिली. निम्मा गूळ कधीच गेला. पण पोतं सैल पडायला लागलं आणि पट्टा लोंबायला लागला. तेव्हा आत घडी घालून सोलापुरी चादरी भरल्या.

चनबसप्पांनी विचारलं, "चादरी कशाला भरल्यास?"

"दुकानात पुतळा उभा करतो तेव्हा आत चिंध्या भरत नाही का आपण? अंगावरचं कापड नीट बसायला हवं म्हणून. मला वाटलं, तुम्ही खुर्चीचं माप घेताय."

जन्मभर कापडाच्या दुकानात वावरलेल्या बाईने खुर्चीतलं पोतं बघून दुसरं काय समजावं? गुरप्पा तोंड फिरवून गाडीच्या पलीकडे गेला, त्याचे खांदे हलत होते. पृथ्वीराजने समजावून सांगितलं: गाडी निम्म्या माणसावर जुळवली आहे, आणि पूर्ण माणूस बसला की उजवीकडे भार जास्त होतो. तो शेजारी बसला होता तेव्हा डावीकडे भार आल्यामुळे गाडी सावरली. दोष काकांच्या हातांचा नाही. सोलापूरला जाऊन काट्यावर परत जुळवा. पण प्रभुलिंगची अट आजच्या दिवसाची होती, आणि फेऱ्यांची एकच पाळी उरली होती.

मला वाटलं आता युद्ध होणार. छत्तीस वर्षांत चनबसप्पा बायकोवर ओरडल्याचं मी ऐकलं नव्हतं, पण आज ओरडले असते तर मी दोष दिला नसता. ते हेल्मेटच्या पट्ट्याशीच झटत राहिले. नागम्मा त्यांच्याजवळ गेली, अडकलेला पट्टा एका झटक्यात काढला आणि पृथ्वीराजला म्हणाली, "मला एक टोपी द्या. जेवढा गूळ वाटला तेवढी मीच आहे. मी बसते."

प्रभुलिंग म्हणाला, अव्वा, अजिबात नाही. ती म्हणाली, तुझ्या बापाला त्या दवाखान्यात एकट्याला आत नेलं होतं, दार लावून. तेव्हा मला शेजारी बसू दिलं नाही कुणी. आता बसू दे.

पृथ्वीराजने तिच्या मापाचं हेल्मेट शोधलं, तिने पदर खोचून घेतला, त्याने पट्टे आवळले. गाडी निघाली. मी भिंतीला टेकून देवांची जेवढी नावं आठवत होती तेवढी घेतली, त्यांची आणि आमची, दोन्हींकडची.

डावं वळण आलं. गाडी जराशी कलली आणि रुळावरून गेल्यासारखी निघून गेली. पुन्हा आलं, पुन्हा तशीच. सगळ्यांत शेवटी धावत होते ते, मागून येणारी पोरं हात हलवून पुढे जात होती, आणि आमची नागम्मा प्रत्येकाला हात हलवून आशीर्वाद देत होती. पृथ्वीराजने प्रभुलिंगकडे बघून अंगठा वर केला. प्रभुलिंगने चष्मा काढून पुसला. ट्रॅकवर धूळ फार असते म्हणाला.

गाडी शेडमध्येच आहे. दुकानाच्या मालासाठी प्रभुलिंगने दुसरी जागा बघितली. गुरप्पा अधूनमधून येतो आणि म्हणतो, मालक, काटं आणतो, आपण वर्कशॉपातली लोखंडी वजनं ठिवू, एका दुपारचं काम हाय. चनबसप्पा म्हणतात, बघू, काय घाई आहे. त्यांना घाई नसतेच कशाची. स्प्रिंगखालची कडी आजही तिथेच आहे जिथे होती, आणि गाडी ट्रॅकवर निघाली की डावीकडच्या खुर्चीत हेल्मेट घालून नागम्मा बसते.

आता पुढच्या महिन्यात तिच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. छोटंच आहे म्हणतात. तिने स्वतःसाठी आजवर एकही नवस बोललेला नाही, आताही बोलणार नाही, म्हणते माझ्यासाठी देवाला कशाला त्रास. तेव्हा तुम्हांला माझं एवढंच मागणं आहे. तुम्ही ज्या कुठल्या देवापुढे हात जोडता, तिथे आपल्या माणसांची नावं घेऊन झाली की शेवटी एकदा नागम्माची आठवण काढा.