दत्तरावांच्या विमानाची पूजा

या, असे जवळ सरका. टाळ ठेवा घटकाभर खाली. कीर्तन उभं राहायला अजून वेळ आहे, महाराज आत्ता कुठं चहा घेताहेत. तेवढ्यात आमच्या बोरीतली एक गोष्ट सांगतो. गोष्ट विमानाची आहे, पण ऐकून झाल्यावर तुम्ही म्हणाल, माणिकराव, ही तर कीर्तनातच सांगायची होती.

दत्तराव हवाई दलात मेकॅनिक होते. निवृत्त होऊन गावी आले तेव्हा एका साहेबानं निरोपाला आपला परदेशातून आणलेला रेडिओचा संच त्यांना दिला. इथं हातातल्या डब्यावरची काडी हलवली की तिकडं आभाळातल्या विमानाची शेपटी हलते, असा संच. त्याच्याभोवती दत्तरावांनी दोन हिवाळे खपून विमान बांधलं. हलक्या लाकडाचं, वर ताणून बसवलेला कागद, पंख माणसाच्या उंचीएवढे. पोटात तीन इवल्या मोटरी, त्यांना ते सर्व्हो म्हणायचे. एक शेपटी वर-खाली करणारा, एक डावी-उजवी करणारा, तिसरा इंजिनाचा वेग सांभाळणारा. त्यातला एखादा बिघडला तर परभणीत सोडा, हैदराबादेतही मिळायचा नाही.

म्हणून त्यांनी एक डबी बनवली होती. साबणाच्या डबीत बॅटरी आणि चार सुटे भाग, वर फिरवायची चकती, बाजूला वायर. ती वायर सर्व्होला जोडायची नि चकती फिरवायची. चकती जेवढी फिरेल तेवढा सर्व्होचा हात फिरला पाहिजे. रेडिओला मधे न घेता नुसत्या सर्व्होची नाडी बघायची ती डबी. तिला ते टेस्टर म्हणत. विमान उडवायच्या आधी टेस्टर लावल्याशिवाय ते जागचे हलत नसत. लोक हसायचे. मला मात्र ते पटायचं. आमचा पखवाजी कीर्तनाआधी हातोडीनं गठ्ठे ठोकून सूर बघतोच की, काल चांगला वाजला होता म्हणून सोडून देत नाही.

एकोणऐंशीच्या फाल्गुनात गावात सप्ता होता. दिनकरराव सप्त्याचे पुढारी. ते दत्तरावांना म्हणाले, "काल्याच्या कीर्तनानंतर तुमचं विमान उडवा. पंचक्रोशी जमा व्हायलीय."

दत्तराव बौद्ध. ते हसून म्हणाले, "आरतीला मी उभा न्हाई राहायचा दिनकरराव, आधीच सांगतो. पण विमान उडवतो. अन् कीर्तनाला तर येतोच की. लय गोड गातेत तुमचे महाराज."

आमच्या घरामागंच ज्वारी काढलेलं मोकळं वावर होतं. म्हणून सकाळीच विमान आमच्या ओसरीवर आणून ठेवलं, पंख वेगळे, पोट उघडं. आम्ही सगळे मांडवात. घरी एकटी धुरपताआत्या. आत्या लहानपणीच विधवा होऊन आमच्याकडे आलेली. दत्तरावांवर तिचा फार जीव. ते तिला मावशी म्हणायचे. तिनं विमान पाहिलं. बैलगाडीला पूजा होते, ट्रॅक्टरला होते, मग ह्या नव्या वाहनाला काऊन न्हाई? तिनं हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि पाणी विमानावर शिंपडलं. मग तिच्या मनात आलं, दत्ता पूजाबिजा मानत न्हाई, त्याला अवघड वाटंल. म्हणून पदरानं सगळं पुसून लख्ख केलं. वरचं पुसलं, पण पोटात गेलेलं पाणी तिला काय दिसणार?

काला झाला. लोक वावराच्या बांधाबांधानं बसले, पुढं बायका-पोरं. दत्तरावांनी पंख चढवायच्या आधी रेडिओ चालू केला, काडी हलवली. शेपटी वर जाताना थरथरली.

"वारं लागलंय," दिनकरराव म्हणाले. "सोडा आता."

दत्तरावांनी टेस्टर काढला.

"आता आन् काय?" दिनकरराव म्हणाले. "नवरी बघायला आलाव का, दत्तराव? अशानं तर हिचं लगीनच व्हायचं न्हाई!"

बांधावर हशा पिकला. दत्तराव म्हणाले, "जरा सबूर. रेडिओ बिघडलाय का सर्व्हो, येवढंच बघतो. शेपटी अटकली तर विमान नाक खाली करून येतं. समोर बांध हाय का लेकरू, बघत न्हाई."

पुढं बसलेल्या बायांनी पोरं मागं ओढली.

त्यांनी डाव्या-उजव्याचा सर्व्हो लावला, चकतीबरोबर हात गोल फिरला. वर-खालीचा लावला. हात अर्ध्यावर गेला, कुडकुडला आणि थांबला. दुखणं तिथंच होतं. त्यांनी चार स्क्रू काढून झाकण उघडलं. आत चिकट ओल. त्यांनी नाकाजवळ नेलं. शेजारी उभ्या असलेल्या मलासुद्धा नारळाचा वास आला.

दिनकरराव तापले. "पाणी कुठून गेलं आत? कुणाचं काम हे?"

दत्तरावांनी एकदा आत्याकडे बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. ते खाली मान घालून म्हणाले, "कुणाचं का असंना. पाणी गेलंय, त्याचं बघू."

पण आत्याच पुढं झाली. साऱ्या गावासमोर हात जोडून म्हणाली, "म्या शिंपडलं रं दत्ता. नारळाचं. चांगलं व्हावं म्हणून केलं, अन् माझ्याच हातानं तुजं विमान गेलं."

बांधावर कुजबुज उठली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे विमान उडालं नसतं, तर आत्याला लोकांनी जन्मभर ते ऐकवलं असतं. तिनंही स्वतःला ऐकवलं असतं, आणि ते जास्त वाईट.

दत्तराव म्हणाले, "गेलं कुठं मावशी? इथंच हाय की. बसा खाली. तुमचं काम हाय मला."

त्यांनी इंजिनाच्या वेगाचा सर्व्हो टेस्टरवर बघितला, तो चांगला निघाला; तोच काढून शेपटीच्या बिघडलेल्या सर्व्होच्या जागी बसवला. इंजिनाचा वेग तारेनं एका जागी बांधून टाकला. आता वेग कमी-जास्त होणार नव्हता. तेल थोडंच भरलं, ते संपलं की इंजिन आपोआप बंद पडणार आणि विमान तरंगत उतरवायचं. मग टेस्टर त्यांनी आत्याच्या हातात दिला.

"चकती बराबर मधी धरा. मी सर्व्होपासून शेपटीपर्यंतची दांडी जोडस्तोर हलू द्यायची न्हाई. सर्व्हो मधी असला तरच शेपटी सरळ बसते."

"माजा हात कापायलाय रं."

"माळ वढताना कापतो का?"

आत्यानं डोळे मिटले, ओठ हलायला लागले. चकती जागची हलली नाही. तिकडं महाराजांनी हे पाहिलं आणि आपण होऊन नामाचा गजर धरला. पखवाज लागला, टाळ लागले. लोक खोळंबलेत हे लोकच विसरले.

दांडी बसली. आत्यानं चकती फिरवली तशी शेपटी वर गेली, खाली आली, सरळ झाली. थरथर नाही. दत्तरावांनी पुन्हा रेडिओवर बघितलं, पंख चढवले, इंजिन सुरू केलं.

विमान मोकळ्या वावरातून धावलं आणि उठलं. देवळाच्या कळसाशेजारून वळलं, ओढ्याकडं गेलं, परत आलं. पोरं ओरडत होती. दिनकररावांची टोपी हातात आलेली, तोंड उघडं. मग तेल संपलं, आवाज थांबला, आणि त्या शांततेत विमान हळू तरंगत आलं आणि ज्वारीच्या धसकटांत येऊन टेकलं. कागद थोडा फाटला, बाकी काही नाही.

आत्या पदर डोळ्याला लावून बसली होती. दत्तराव तिच्यापुढं येऊन बसले. म्हणाले, "मावशी, फुडच्या वक्ताला पूजा करायची तर खुशाल करा. पण कोरडी करा!"

आत्या रडता रडता जी हसली, ते हसू मी अजून विसरलो नाही. पुढं गावात कुणी तिला नारळाचं बोललं नाही. बोलायचेच झाले तर म्हणायचे, धुरपताबाईनं चकती धरली म्हणून विमान उडालं. हे दत्तरावांनीच ज्याला त्याला सांगितलं होतं.

ते गेले आता. मांडवाच्या कडेला बसून कीर्तन ऐकणारा तो माणूस तुम्ही पाहिला नाही. महाराज उभे राहताहेत, उठू या. एवढंच मागतो, आज नाम घेताना मधे एक श्वास दत्तरावांची आठवण काढा. हात जोडू नका, त्यांना ते आवडायचं नाही. नुसती आठवण काढा.