फुकटचा श्रोता

गेल्या महिन्याभरात राजरत्न शीळफाट्याचा रिक्षावाला रघु झाला होता, टेंभी नाक्यावरचे प्रफुल्लकाका झाला होता, आणि एकदा घसा बसलेला कमलेशही झाला होता, कारण त्या दिवशी त्याला खरंच सर्दी होती. फक्त राजरत्न व्हायची पाळी काही आली नव्हती.

हल्ली रेडिओला फोन करतं कोण? जे करतात ते भलतंच बोलतात. पाणी आलं नाही, रस्ता खणून ठेवलाय. मग रेडिओवाले आपले श्रोते आपणच तयार करतात. 'रेडिओ टवटवी'वर सकाळचा कार्यक्रम राजरत्न करायचा तेव्हाही हे चालायचं. तेव्हा ऑफिसातला शिपाई श्रोता व्हायचा. तीन वर्षांपूर्वी खर्च कमी करायचा म्हणून साहेबांनी राजरत्नला काढलं आणि त्याच खुर्चीवर सुमितला बसवलं, निम्म्या पगारात. माइकपुढे बसायचं कसं इथपासून सुमितला राजरत्ननंच शिकवलेलं. कानामागून आली आणि तिखट झाली, दुसरं काय! आणि आता श्रोता व्हायला राजरत्न. तेही फुकट. का, तर सुमित म्हणायचा, "सर, एक जागा निघतेय. साहेबांच्या कानावर तुमचा आवाज राहिला पाहिजे ना!"

ही जागा गणपतीपासून निघत होती. आता दिवाळी तोंडावर आली होती.

चीड यायची. रोज यायची. पण शहाडच्या भीमजयंतीच्या स्टेजवर पोरवयात माइक हातात आला, तेव्हापासून या माणसाला दुसरं काही करावंसं वाटलंच नाही. घर चालत होतं बायकोच्या, मायाच्या, पगारावर. म्हणून तो राग गिळायचा आणि रघु व्हायचा.

त्या सकाळी माया कामाला गेली होती. आई, शांताबाई, दारात मेथी निवडत बसली होती, रेडिओ शेजारी. सुमितचा फोन आला.

"सर, आजचा विषय 'नोकरी गेली, नशीब उघडलं'. तुम्ही डोंबिवलीचे प्रीतम. जॉब गेला, मोमोजची गाडी टाकली, एकदम खूश. जरा हसून बोला हां. रेकॉर्ड करतोय."

राजरत्नच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हसून? ऐक मग. लोक मला म्हणतात, बरं झालं नोकरी गेली, आता घरच्यांना वेळ देता येतो. देतो ना वेळ! रोज सकाळी आईबरोबर निवांत चहा पितो, आणि तो घशाखाली उतरत नाही. जो भेटतो तो सांगतो, दुसरं काहीतरी कर की. का करू? माझं काय चुकलं होतं? कार्यक्रम पडला होता? मला लाज वाटत नाही, सुमित. लाज तुम्हाला वाटायला पाहिजे. आणि मी प्रीतम नाही!"

पलीकडून सुमित म्हणाला, "सर, हे नाही चालणार."

"मग फेकून दे," म्हणत राजरत्ननं फोन ठेवला.

जागा गेली, हे त्याला कळत होतं. तरी बऱ्याच दिवसांनी त्याला कडकडून भूक लागली. पोह्यांची दुसरी बशी घेऊन तो आईजवळ येऊन बसला, तेवढ्यात रेडिओवर सुमित किंचाळला, "डोंबिवलीहून प्रीतम आपल्यासोबत आहेत!"

आणि त्या डबड्यातून राजरत्नचा आवाज आला. "बरं झालं नोकरी गेली, आता घरच्यांना वेळ देता येतो. रोज सकाळी आईबरोबर निवांत चहा पितो. मला लाज वाटत नाही." वर खळखळून हसणं. ते हसणं मागच्या आठवड्यातल्या रघुचं होतं.

जोड कुठेच ऐकू येत नव्हता. येणार कसा? "शब्दावर कापू नकोस, श्वासावर काप," हे सुमितला त्यानंच शिकवलं होतं. माणूस श्वासाला थांबला की तिथे कात्री चालवायची, कुणाला पत्ता लागत नाही.

आईचा हात मेथीवर थांबला. "तू असं नाय बोललास. मी इथंच होते ना."

"त्यानं कापलं, आई. आपण श्वास घेतला की तिथं कापतात."

"मग घेतोस कशाला?"

फोन पुन्हा वाजला. सुमित खुशीत होता. "सर, वाचवलं तुम्हाला! साहेबांना जाम आवडलं. दिवाळीनंतर बोलवा म्हणाले, जागा पक्की. उद्याचं आत्ताच घेऊन टाकू? तुम्ही बदलापूरचे..."

स्टुडिओतला लाल दिवा लागायच्या आधी घ्यायचा, तसा राजरत्ननं छाती भरून श्वास घेतला.

"शहाडहून राजरत्न बोलतोय आणि तोंडचा घास काढून घेतलात तेव्हा मी गप्प बसलो पण आज तुम्ही माझेच शब्द उलटे करून माझ्याच तोंडात घातलेत तेव्हा तुझ्या साहेबाला सांग ती जागा त्याच्याकडेच ठेव आणि रघु प्रफुल्लकाका कमलेश प्रीतम सगळे आजपासून मेले आणि हे वाजवायचं तर अख्खं वाजव नाहीतर मला परत फोन करू नकोस!"

शेवटी आवाज फाटला. त्यानं फोन बंद केला. हे कधी वाजणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. पण कात्री घालायला त्यानं कुठे जागा ठेवली नव्हती. लालबुंद तोंडानं, अजून श्वास न घेता, तो तसाच उभा राहिला.

आईनं रेडिओ बंद केला.

"आता घे," ती म्हणाली.