मामा कुणालाच टाकत नाहीत

आमच्या क्लबच्या मॅनेजरला सगळे मामा म्हणायचे. त्यांना सख्खी, चुलत, मानलेली अशी एकही बहीण नव्हती, हे मी चौकशी करून सांगतो आहे. तरीही ते मामा होते आणि आम्ही त्यांचे भाचे.

मामा दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होते. एक म्हणजे ते खेळाडूला कधीच काढायचे नाहीत. बाकीच्या क्लबांत गुडघा गेला की माणूस गेला. आमच्याकडे गुडघा जायचा आणि माणूस राहायचा. ड्रेसिंग रूममध्ये खुंट्या कमी पडायला लागल्या तेव्हा मामांनी सुतार बोलावला. माणसं कमी करावीत हे त्यांच्या मनाला शिवलंही नाही. पेपरवाले विचारायचे, एवढं खटलं कशाला सांभाळता? मामा म्हणायचे, "मी कुणालाच टाकत नाही." हे ऐकून आमच्यातल्या काहींचे डोळे भरून यायचे. काहींची नजर दाराकडे जायची.

दुसरी गोष्ट म्हणजे एका जागेला दोन माणसं. जागा रिकामी दिसली की समोरचा तिथून घुसतो, असं त्यांचं मत होतं. मी डाव्या बाजूचा बचावपटू, म्हणून मला ‘डावा’ म्हणायचे. माझ्या मागे त्याच जागेसाठी जो बसायचा तो ‘दुसरा डावा’. तो बिचारा उजव्या पायाचा होता, पण जागेपुढे पायाचं काय चालणार? उंची माझ्याएवढीच, बोलणं कमी, ऐकणं भयंकर. माझे नवे बूट मला चावू नयेत म्हणून आधी आठवडाभर तो घालायचा. फोड त्याला यायचे आणि आभारही तोच मानायचा.

मैदानापुरतं हे ठीक होतं. मग पहिल्या गोलकीपरचे वडील हॉस्पिटलात गेले. डॉक्टर म्हणाले, भेटून घ्या. समोर बाद फेरीचा सामना. मामा गोलकीपरसमोर गुडघ्यावर बसले आणि त्याच्या बुटाची नाडी बांधायला लागले. ही त्यांची सवय होती. काही सांगायचं असलं की ते तुमची नाडी बांधायला घ्यायचे, त्यामुळे त्यांचं बोलणं संपेपर्यंत तुम्हाला कुठे जाता यायचं नाही.

"तू गोलात उभा राहा," ते म्हणाले. "तिकडची जागा मी रिकामी ठेवणार नाही."

तिकडे दुसरा गोलकीपर गेला. म्हाताऱ्यांना दिसत नव्हतं. त्यांनी त्याचा हात धरला, बरं झालं आलास म्हणाले आणि शांतपणे गेले. इकडे पहिल्यानं पेनल्टी अडवली. नंतर घरी सांत्वनाला आलेली माणसं दुसऱ्या गोलकीपरच्या गळ्यात पडली, कारण शेवटी जवळ तोच होता. पहिला कोपऱ्यात उभा राहून चपला नीट लावत होता.

सगळ्यांनी मामांचं कौतुक केलं. मी पण केलं. असा माणूस मिळायला भाग्य लागतं, असं मी जेवताना म्हटल्याचं मला आठवतं.

मग ती पद्धतच पडली. विंगरच्या मुलीच्या शाळेत पालकसभेला दुसरा विंगर गेला. बाई म्हणाल्या, यंदा वडील लक्ष देऊन ऐकतात. कॅप्टनच्या सासूबाईंना दातांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं, तर दुसरा कॅप्टन गेला. पुढच्या वेळीही यालाच पाठवा, असा सासूबाईंचा निरोप आला. कॅप्टन हसला. काही दिवसांनी तोच निरोप बायकोकडून आला. तेव्हा तो हसला नाही, पण त्या रविवारच्या सामन्यात त्यानं दोन गोल केले.

आमच्यात एक आजोबा होते. वय काही फार नव्हतं, पण फुटबॉलमध्ये केस पांढरे झाले की आजोबाच. गुडघे कधीच गेलेले. मामांनी टाकलं नव्हतं, म्हणून ते मैदानाच्या मागच्या सामानाच्या खोलीत, जाळ्या आणि चेंडूंच्या पोत्यांमध्ये राहायचे. एकदा सरावानंतर माझ्या पायाला पट्टी बांधता बांधता त्यांनी विचारलं, "तुझ्या घरी कोण जातं?"

"कुणी नाही. माझ्या घरी मीच जात नाही."

"का रे?"

"बाबांशी बोलणं नाही."

"मग बोलून घे," आजोबा म्हणाले. "जागा मोकळी ठेवू नकोस. माझ्या घरी मामांनी एकाला पाठवला होता, एका दिवसापुरता. चांगला पोरगा आहे. मी खिडकीतून पाहिलंय त्याला. पोझिशन सोडत नाही."

मी हसलो. आजोबांनी पट्टी जरा जास्तच आवळली.

बाबांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. मी शाळेतून आलो की तिथे बसायचो. सुई आणि खालचा दोरा फिरवणारं शटल यांची वेळ जुळवणं हे मशीनचं सगळ्यात नाजूक काम, ते मला यायचं. बाबांनी गृहीत धरलं होतं की दुकान मी चालवणार. मी फुटबॉल धरला. ज्या दिवशी क्लबात गेलो त्या दिवशी बाबा एवढंच म्हणाले, "ठीक आहे." ते त्यांचं माझ्याशी शेवटचं वाक्य. तसं वाक्य चांगलं होतं, पण त्यावर घर चालत नाही.

आणि मग आईचा फोन आला. आई आमच्या घरातलं पोस्टखातं होती. बाबांचं माझ्यापर्यंत आणि माझं बाबांपर्यंत तीच पोचवायची, वाटेत थोडी साखर घालून.

"ऐक," ती म्हणाली. "ह्यांचे हात कापायला लागलेत. सुई बसवता येत नाही. काल स्वतःहून म्हणाले, त्याला म्हणावं रविवारी येऊन बसत जा जरा."

"बाबा म्हणाले? स्वतःहून?"

"मग काय शेजारचे म्हणाले? येशील ना रे? परत नाही म्हणायचे ते. तुला माहीत आहे कसे आहेत."

मला माहीत होतं. बाबा एक गोष्ट एकदाच म्हणायचे. पण आमचे सामने रविवारीच असायचे, आणि आठवडाभर आम्ही क्लबातच राहायचो. मी मामांकडे गेलो आणि एका रविवारची सुट्टी मागितली. मामा खाली वाकले. माझी नाडी सुटलेली नव्हती. त्यांनी ती सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली.

"बापानं बोलावलं म्हणजे जायलाच हवं," मामा म्हणाले. मला हायसं वाटलं. "दुसरा डावा जाईल."

"मामा, पण बाबांना दिसतं. चांगलं दिसतं."

"दिसू दे की. आपण काय फसवतोय? जागा रिकामी राहू नये एवढंच." त्यांनी गाठ मारली. "उपांत्य सामना आहे बाळा. तू माझा डावा आहेस. तुला मी बाहेर बसवीन होय?"

खरं सांगतो, मला बरं वाटलं. आपण कुणाला तरी इतके हवे आहोत, याचं कुणालाही बरं वाटेल.

दुसरा डावा संध्याकाळी माझ्या खोलीत आला आणि कॉटच्या कडेवर बसला. "आई चहा कसा देतात?" "तू दुकानात कुठल्या बाजूला बसायचास?" "बाबा चिडले की काय करतात?" मीही मन लावून सांगत गेलो. बाबा चिडले की तेलाची डबी उलटीसुलटी करून बघतात, हे सांगितलं. वर सुई आणि शटलची वेळ कशी जुळवायची, हेसुद्धा माचिसच्या काड्या घेऊन दाखवलं. करायचं ते काम नीट करावं, या भावनेनं. मूर्खपणाला मेहनतीची जोड मिळाली की काय होतं, याचा मी उत्तम नमुना आहे.

उपांत्य सामना आम्ही जिंकलो. रात्री आईला फोन केला.

"बाबा काय म्हणाले?"

"काय म्हणणार? बघितलं त्याच्याकडे. मग म्हणाले, बस."

"पण तो मी नाही हे..."

"अरे, कळतं ना त्यांना. म्हणाले, येतो तरी."

पुढच्या रविवारी अंतिम सामना होता. त्याच्या पुढच्या रविवारी दुसरी स्पर्धा सुरू झाली. दुसरा डावा दर रविवारी जात राहिला. त्याच्या नखांत काळं मशीनचं तेल दिसायला लागलं. तो सरावाला उशिरा यायला लागला, मग आलाच नाही. मामांनी त्याची खुंटी तशीच ठेवली. माझे बूट आता तिसराच कुणीतरी घालून ठेवायचा. त्याच्या पायाला फोड येत नव्हते.

मधल्या एका दिवशी मी न सांगता घरी गेलो. आईनं दार उघडलं आणि माझ्या खांद्यावरून मागे बघितलं, आणखी कुणी आहे का म्हणून.

"तू होय. ये ना, बसा." ती एकदम अरे-तुरेवरून अहो-जाहोवर घसरली आणि परत सावरली. चहा तिनं पाहुण्यांच्या कपात दिला, बशीसकट. मी म्हटलं, "आई, माझा कप?" ती म्हणाली, "तो धुवायचाय." तो ओट्यावर पालथा होता, स्वच्छ. आम्ही दोघांनीही त्याच्याकडे बघितलं नाही.

"बाबा?"

"दुकानात. दोघं. आता रोजच जातो तो." ती पदराला हात पुसत राहिली. "हात चांगला बसलाय त्याचा. हे काल हसले, अरे. किती वर्षांनी."

मी तिथून तडक मामांकडे गेलो. ते एकटेच मैदानावर जाळी शिवत होते.

"मामा, मला संघातून काढा."

"मी कुणालाच टाकत नाही."

"मग आमची अदलाबदल करा. तो खेळू दे. मी घरी जातो."

मामांनी खरोखर विचार केला. जाळीचा एक डोळा शिवून होईपर्यंत केला. "नाही जमणार," ते म्हणाले. "तुझ्या घरी त्याचा फॉर्म चांगला आहे. जिंकणारा संघ मी मोडत नाही."

"ते माझे बाबा आहेत."

"तेच तर." त्यांनी सुई खाली ठेवली. "तुझे आहेत म्हणूनच चांगला माणूस लावला ना? दुसऱ्या कुणाचे असते तर मी इतकं पाहिलं असतं का?" आणि ते माझ्या बुटाकडे वाकले.

मी पाय मागे घेतला. मामांचा हात तसाच हवेत राहिला. ते रागावले नाहीत. माझ्या पायाकडे बघून त्यांनी मान डोलावली, जशी आपण एखाद्या मशीनचा बदललेला आवाज ऐकून डोलावतो.

रविवारी मध्यंतराला मी ड्रेसिंग रूममध्ये गेलोच नाही. खेळाडूंच्या बोगद्यातून सरळ बाहेर पडलो आणि जर्सीतच बस पकडली. कंडक्टरनं स्कोअर विचारला. मी म्हटलं, बरोबरीत. "मग तुम्ही इकडे काय करताय?" तो म्हणाला. मी म्हटलं, घरी चाललोय. हे वाक्य मोठ्यानं म्हटल्यावर मला फार बरं वाटलं.

दुकानाचं दार अर्धं ओढलेलं होतं. आत बाबा होते आणि त्यांच्या डाव्या हाताला, माझ्या स्टुलावर, दुसरा डावा होता. त्यांच्यासमोर एक मशीन पोट वर करून पडलं होतं. बाबांचे हात फार कापत होते. मला वाटलं होतं त्याहून जास्त. कोपऱ्यातल्या छोट्या टीव्हीवर आमचाच सामना लागला होता. माझ्या नंबरची जर्सी घालून कुणीतरी डाव्या बाजूनं पळत होतं. बरं पळत होतं.

"बाबा," मी म्हणालो. "मी आलोय."

बाबांनी चष्म्यावरून बघितलं. त्यांनी मला ओळखलं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. नसतं ओळखलं तर सोपं झालं असतं.

"उशीर केलास," ते म्हणाले. इतक्या वर्षांनी दुसरं वाक्य. मग हनुवटीनं भिंतीकडे खूण केली. तिथे गिऱ्हाइकांसाठी लाकडी बाक होता. "बस तिथे."

मी बसलो. दुसरा डावा माझ्याकडे बघून थोडं ओशाळून हसला. चांगला मुलगा, त्याच्यावर रागावताही येत नव्हतं. मग दुकानाचा फोन वाजला. तो त्यानंच उचलला. "हो मामा. आला. हो, बसलाय." आणि वायर ताणून त्यानं रिसीव्हर माझ्याकडे दिला.

"पोचलास नीट?" मामांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. मागे प्रेक्षकांचा गलका ऐकू येत होता. "काही खाल्लंस का?"

"मामा, मी परत येणार नाही."

"नको येऊस. कोण बोलावतंय? मला उलट तिथलीच काळजी होती बाळा. तिथे एकच माणूस होता. तो आजारी पडला असता तर?" मागे मोठा ओरडा झाला, कुणीतरी गोल केला असावा. मामांनी तो संपू दिला. "आता दोन झाले. पाय गार पडू देऊ नकोस. लागलास तर सांगीन."

त्यांनी फोन ठेवला. मी रिसीव्हर परत दिला. टीव्हीवर आमची माणसं एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होती. माझ्या नंबरवाला सगळ्यात खाली होता आणि त्याचा चेहरा दिसत नव्हता.

बाबांनी मशीनच्या पोटात वाकून बघितलं. सुई आणि शटल जुळत नव्हते, मला बाकावरूनसुद्धा दिसत होतं. मान वर न करता त्यांनी तळहात बाजूला पसरला.

"बारका पेचकस," ते म्हणाले.

आम्ही दोघंही उठलो.

"तू नाही," बाबा म्हणाले.

ते कुणाकडेही बघत नव्हते. मी क्षणभर उभा राहिलो, त्यांनी मान वर करावी म्हणून. मग खाली बसलो आणि पाय पुढे ताणून घोटे गोल फिरवायला लागलो.