पाचवी तार

“अजून खाली जाते का ही?” मल्हारने विचारलं.

“याच्या खाली गेलात तर आमच्या तळघरातला भाडेकरू वर येईल,” इंद्रजित म्हणाला.

इंद्रजितचं सोलापुरात वाद्यांचं दुकान. तासभर झाला, मल्हार तिथल्या स्टुलावर पाच तारांची बेस गिटार मांडीवर घेऊन बसला होता आणि सगळ्यात जाड तार पुन्हा पुन्हा छेडत होता. उजवा पाय एकसारखा हलत होता. तो पाय जन्मल्यापासून थांबलेला नाही. त्याची बायको शिवकांता म्हणायची, ह्येंच्या पायाला पट्टा जोडला तर गल्लीची गिरणी बिनविजेची चालंल.

“मल्हारराव, आवाज नंतर बघा. आधी स्पीकरची पेटी उचलून बघा,” इंद्रजित म्हणाला. “तुम्हाला रोज टेम्पोत चढवायचीय. ही लहान पेटी घ्या. एका हातात येते, जनरेटर कमीजास्त झाला तरी जळत नाही.”

“ती नगं. ती कोपऱ्यातली द्या.”

कोपऱ्यात पंधरा इंची स्पीकरची काळी पेटी होती, गाभण म्हशीसारखी रुंद.

उचलण्याचं मल्हारला कुणी शिकवावं? बावीस वर्षं तो जी पेटी वागवत होता ती नळदुर्गच्या सुताराने गोठ्याच्या बाभळीच्या दारातून बनवलेली. स्पीकर बंद पडलेल्या तंबूच्या टॉकीजमधला. ती टेम्पोत मागे ठेवली की टेम्पोची पुढची चाकं जमीन सोडायची, म्हणून ढोलकीवाल्याला बॉनेटवर बसवून घाट उतरावा लागे. एकदा तामलवाडीजवळ ती चालत्या टेम्पोतून पडली. पेटीला ओरखडा नाही, रस्त्याला खड्डा पडला. तो बुजवायला दोनदा डांबर आलं आणि दोनदा खचलं. ज्याला खोटं वाटत असेल त्याने त्या रस्त्याने मोटारसायकल घालून बघावी.

एवढं ओझं वाहून बावीस वर्षांत त्याची गिटार कुणाला ऐकू आली होती? ढोलकीवर लोक नाचत, गाणाऱ्या करिश्माचे फोटो काढत, कीबोर्डवाल्याला फर्माईशीची चिठ्ठी देत. मल्हारकडे लोक बघत ते त्याच्या गिटारच्या चार तारा मोजायला. “सहा असत्यात की, दोन कशा तुटल्या?” एका लग्नात नवरीच्या आजोबाने दया येऊन कुंपणाची दोन हात तार कापून आणून दिली होती आणि ती बसवल्याशिवाय जेवायला उठू दिलं नव्हतं. मल्हारचा बाप गोरोबा मेंढरं राखायचा. तो मरेपर्यंत गावाला सांगत होता की पोराला ऑर्केस्ट्रात घेतलंय, पण अजून पुरत्या तारा दिल्या न्हायत.

हे सगळं मल्हारने हसून घालवलं होतं. मागच्या आठवड्यापासून मात्र हसू येत नव्हतं. ऑर्केस्ट्राचे मालक गुरुसिद्धप्पा स्वतः कीबोर्ड वाजवायचे, आणि त्यांनी नवा कीबोर्ड आणला होता. उजव्या हाताने गाणं, डाव्या हाताने बेस. तालमीला त्यांनी मल्हारला बसवून ऐकवलं आणि मान खाली घालून म्हणाले, “मल्हारा, तुझ्यावर राग न्हाय माझा. पण टेम्पोत निम्मी जागा तुझ्या पेटीला जातीया, आन ऐकू कुणाला येतंय ते सांग. आता सास्तूरची हळद हाय. तिथं तुझ्या बेसवर एक जरी माणूस जाग्यावरनं उठलं, तर तुझी जागा तुला. न्हाय उठलं, तर पुढच्या सीझनला डावा हात.”

“आण्णा, बेस उठवायला नसतोय, धरून ठेवायला असतोय.”

“धरून बसल्यालीच हायत समदी,” गुरुसिद्धप्पा म्हणाले. “उठव.”

म्हणून मल्हार सोलापूरला आला होता. इंद्रजित जुना ओळखीचा. त्याने बाभळीची पेटी आणि चार तारांची गिटार दुकानात ठेवून घेतली, नवीन जोडी पंधरा दिवसांच्या बोलीवर दिली. पटली तर अदलाबदल, नाही तर परत. मल्हारला निरोप देताना म्हणाला, “एक ध्यानात ठेवा. ही पेटी कशावर ठेवता त्याच्यावर सगळं आहे. मातीवर ठेवली तर माती आवाज पिते. पोकळ जागेवर ठेवली तर ती जागाच वाजायला लागते.”

मल्हारने त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं ध्यानात ठेवलं.

घरी आल्या आल्या त्याने पेटी स्वयंपाकघराच्या दारात मांडली, गिटारच्या वायरीचा जॅक तिच्यात खोचला आणि पाचवी तार छेडली. मांडणीवरची ताटं, वाट्या, फुलपात्री किणकिणली. डब्याचं झाकण सरकत सरकत कडेला आलं. शिवकांता भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही.

“ट्रक गेला वाटतं,” ती म्हणाली.

“ट्रक न्हाय, म्या हाय.”

“मग हॉर्न द्यावा माणसानं.”

नळदुर्गात हमरस्त्याच्या कडेला घर असलं की भांडी वाजण्याला काही अर्थ उरत नाही. हैदराबादकडून ट्रक आला की ताटं वाजतात, सोलापूरकडून आला की वाट्या. त्या घरांतली तान्ही पोरं रस्ता बंद पडला की रडायला लागतात. भांडी वाजली म्हणून कुणी वर बघायचं असतं, हे मल्हार पार विसरून गेला होता. त्याला एवढंच कळलं की बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या बोटांनी काहीतरी जागचं हललं. रात्रभर तो कूस बदलत राहिला आणि झोपेत पाय हलवून त्याने शिवकांताची वाकळ दोनदा पायथ्याशी नेली.

हळदीच्या दिवशी ऑर्केस्ट्रावाले सास्तुरात दुपारी तीनला पोचले. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर नव्याने बसवलेलं गाव. सरळ गल्ल्या, बसकी घरं, प्रत्येक घराला पुढे अंगण. ज्या गल्लीत हळद होती तिथे डीजेची गाडी आत येत नसे. पाटी नव्हती, ठराव नव्हता. गाडी वळायला लागली की कुणीतरी म्हातारं ओट्यावरून हात करी, “तिकडं, मारुतीपशी लावा.” ढोलकी-कीबोर्डच्या ऑर्केस्ट्राला मात्र मनाई नव्हती. उलट वाजवणाऱ्यांना मांडवात न बसवता घराच्या ओट्यावर वाकळ अंथरून बसवायची त्या गल्लीची रीत. मानाची जागा.

नवरीचे वडील रामहरी हात जोडून पुढे आले. “या, या. वर बसा. आवाज घुमला पायजे बगा. पावनं लांबचं हायती.”

मल्हारने पेटी ओट्यावर ठेवली आणि बोटाने ओटा वाजवून पाहिला. आतली माती दबून खाली गेली होती, वरचा सिमेंटचा थर तेवढा उभा होता. इंद्रजितने सांगितलेली पोकळ जागा आयती मिळाली होती. त्याचा पाय जोरात हलायला लागला.

“तुझं झालं का?” गुरुसिद्धप्पांनी विचारलं.

“व्हय आण्णा. आज बगा.”

पहिली दोन गाणी त्याने नेहमीच्या वरच्या चार तारांवर वाजवली. मांडवात नवरी प्रतीक्षा पाटावर बसली होती आणि तिची आजी हरणाबाई तिच्या दंडाला हळद लावत होती. बायका एकमेकींच्या गालाला हात पुसत होत्या. नवरीचा भाऊ दोन मित्रांना घेऊन ढोलकीपुढे नाचत होता. मल्हारकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तिसरं गाणं सुरू झालं. करिश्माने पहिली ओळ संपवून श्वास घेतला, त्या फटीत मल्हारने आवाजाचं बटण पुढे सरकवलं आणि पाचवी तार मोकळी सोडली.

ओटा वाजला. ओट्यातून भिंत वाजली, भिंतीतून पत्रा. आतल्या मांडणीवरची भांडी एकदम किणकिणली.

हरणाबाईचा हात प्रतीक्षाच्या दंडावर थांबला. तिने हळदीची वाटी खाली ठेवली, नातीचं मनगट धरलं आणि तिला घेऊन ती मांडवातून उघड्यावर चालत गेली. ओरडली नाही, धावलीही नाही. तिच्या मागून दुसरी म्हातारी उठली, तिने शेजारचं जे कुणाचं लेकरू होतं ते काखेत मारलं. मग एक धोतरवाले आजोबा उठले, मग पन्नाशीचे दोघे भाऊ, मग सगळेच केस पांढरे झालेले. कुणी कुणाला हाक मारली नाही. चपला मांडवातच राहिल्या. तरणी पोरं बसल्या जागी एकमेकांकडे बघत राहिली.

मल्हारने तारांवर पंजा ठेवला. ढोलकी दोन ठोके पुढे गेली आणि थांबली.

गुरुसिद्धप्पा त्याच्या कानाशी वाकले. “उठले बघ,” ते हळूच म्हणाले. “एक मागितला व्हता, तू अर्धा मांडव उठवलास.”

बाहेर हरणाबाई डोकी मोजत होती. प्रत्येकाच्या डोक्याला हळदीचं बोट लावत पुढे सरकत होती. “प्रतीक्षा हाय. महानंदा हाय. बलभीम हाय. ज्ञानोबा...” आणि तिथे बोट हवेतच राहिलं. त्या अंगणात त्या नावाचं कुणी नव्हतं. तिच्या बाजूला उभे असलेले सगळे खाली बघायला लागले.

मल्हारने गिटार वाकळीवर ठेवली आणि तो ओटा उतरून तिच्यापाशी गेला.

“आजी, भुई न्हाय हालली. माझी पेटी व्हती ती. वाजिवली म्हणून हादरलं.”

“तुजी पेटी?”

“व्हय.”

“तू कुठला रं?”

“नळदुर्गचा.”

“त्या राती नळदुर्गात हाललं न्हाय?”

“हाललं की. म्या पंदरा वर्साचा व्हतो. तीन महिनं अंगणात झोपलो.”

“मग?” हरणाबाई म्हणाली.

मल्हारचा पाय पहिल्यांदाच हलत नव्हता, हे त्याच्याही ध्यानात आलं नाही.

रामहरी मध्ये आले. “आई, चल आत. हळद वाळाय लागली. निस्ता आवाज हाय त्यो.” मग मल्हारला म्हणाले, “तुम्ही वाजवा हो. म्हातारी मानसं, बसतेल थोड्या वेळानं.”

नाचणाऱ्यांतला एक जण मागून म्हणाला, “पुन्यांदा मारा मामा त्यो भूकंप, रेकॉर्ड करायचाय.” दोघंतिघं हसले. धोतरवाल्या आजोबांनी वळून त्याच्याकडे पाहिलं तेव्हा त्याने मोबाईल खिशात घातला.

मल्हार वर आला. त्याने पाचवी तार वगळली, बटण मागे घेतलं, आवाज निम्म्यावर आणला आणि वरच्या तारांवर दोन सूर वाजवून पाहिले. आत एक वाटी अगदी बारीक वाजली. मांडवाच्या तोंडाशी आलेली म्हातारी माणसं तिथेच थबकली. ती मल्हारकडे बघत नव्हती, घराच्या दाराच्या चौकटीकडे बघत होती.

त्याने पेटीखाली वाकळीची घडी घालून पाहिली. वाटी वाजलीच. पेटी अंगणात नेली असती तर भांडी वाजली नसती. पण केबल तेवढी लांब नव्हती, आणि त्या माणसांचे कान आता त्या खालच्या आवाजावर लागून बसले होते. तो पायाखालच्या मातीतून जरा जरी जाणवला असता तर अजूनच वाईट.

मल्हारने मांडवाच्या बांबूवर टांगलेल्या स्पीकरांकडे पाहिलं. गुरुसिद्धप्पांचा कीबोर्ड तिथून वाजायचा. अधांतरी, पातळ आवाज. त्यातून आलेला बेस जमिनीला शिवत नसे. बावीस वर्षं त्या स्पीकरांना तो नावं ठेवत आला होता.

“आण्णा,” तो म्हणाला, “डाव्या हातानं घ्या.”

गुरुसिद्धप्पांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. ते वाईट मनुष्य नव्हते. “दोन गाणी थांब. मानसं बसू दे. मग हळूहळू वाढव.”

“तसं नगं. घ्या तुमी.”

“इचार कर. एकदा ह्या हाताला सवय लागली, की मलाच त्यो थांबवता यायचा न्हाय.”

“घ्या, आण्णा.”

गुरुसिद्धप्पांनी कीबोर्डवरचं एक बटण दाबलं आणि डावा हात पट्ट्यांवर ठेवला.

मल्हारने पेटीतून जॅक उपटला. मग हरणाबाईला हाताने खूण केली. ती ओट्याच्या पायऱ्या चढून आली, तिने पेटीला एकदा पुढून, एकदा मागून पाहिलं आणि ती शेजारी वाकळीवर बसली. तिने उजवा तळवा पेटीवर पालथा ठेवला, लेकराचा ताप बघतात तसा. मग तिने बाहेरच्यांना मान हलवून सांगितलं. एकेक जण आत आला, चपला शोधल्या, बसला. महानंदाने हळदीची वाटी उचलली.

चौथं गाणं सुरू झालं. मल्हार आपल्या जागी उभा राहिला, गळ्यात पट्टा, मोकळी वायर पायाशी. त्याने बोटं तारांवर ठेवली आणि वाजवायला लागला. ठेक्यावर, जिथे थांबायचं तिथे थांबत, जिथे वर जायचं तिथे वर जात. ढोलकीवाल्याने एकदा सवयीने त्याच्या बोटांकडे पाहून सम धरली. मांडव नाचत होता. नवरीच्या भावाने करिश्माला फर्माईशीची चिठ्ठी दिली.

असं सातव्या गाण्यापर्यंत चाललं. हरणाबाईचा हात पेटीवरून हलला नव्हता. मध्येच तिने मान वर करून त्याच्या बोटांकडे बराच वेळ पाहिलं.

“वाजवायलास का रं?”

“व्हय, आजी.”

“वाजव,” ती म्हणाली, आणि हात तसाच ठेवला.