पेशंट जीपमध्ये, सायकल टपावर

प्रेमानंद सरांचा अर्धा जबडा डॉक्टरांनी काढला, त्याला तीन वर्षं झाली. बोलणं जरा बोबडं झालं, पण कळायचं; तरी तेव्हापासून लोकांनी त्यांच्याशी बोलणंच सोडलं होतं. जे विचारायचं ते त्यांच्या देखत बायकोला विचारत. "सर जेवतेत का हो?" "सरले समजते ना सगळं?" सर गणित शिकवायचे. बुलढाण्याच्या एका सायकल क्लबनं कर्करोग संशोधनासाठी दीडशे किलोमीटरची फेरी काढली, तेव्हा सर्वांत आधी नाव सरांनी दिलं. बाकीचं जाऊ द्या, शेवटचा राजूर घाट आपल्या पायांनी चढायचा. मग लोक जबडा सोडून पायांकडे बघतील, एवढाच त्यांचा हिशेब होता.

अध्यक्ष पंजाबरावांना कोण आनंद झाला! "सर, तुम्ही म्हंजे फेरीची शान!"

घोळ झाला तो सत्कारांचा. चार माणसं एका रंगाचे टी-शर्ट घालून गावातून चालली, की आपल्याकडे शाल-नारळ दिल्याशिवाय त्यांना कुणी पुढे जाऊ देत नाही. आणि अशा सत्काराला पेशंट आधी स्टेजवर पाहिजे. सायकलवाले येतील तेव्हा येतील. म्हणून सर जीपमध्ये बसले आणि त्यांची सायकल टपावर बांधली गेली.

अमडापूरला एका पुढाऱ्यानं सरांची हनुवटी धरून चेहरा सभेकडे वळवला. "पाहा, खर्रा खाल्ल्यानं काय होते ते!" सरांनी आयुष्यात तंबाखू सोडाच, सुपारीचं खांडही तोंडात टाकलं नव्हतं. माइकवर त्यांनी तसं सांगितलंही.

"सरले भरून आलं," पंजाबरावांनी सभेला उलगडून सांगितलं, आणि स्वतःच्या तोंडातला खर्रा दुसऱ्या गालात सरकवला.

पिंपळगाव राजाला सरांनी सायकलकडे बोट दाखवलं. "मी चालवतो."

"चालवा ना, कोन नाही म्हनते! फोटोपुरती चालवा."

मोताळ्याला सगळे पंगतीत गुंतले, तेव्हा सरांनी टपावरची दोरी सोडली आणि ते निघाले. घाटात छातीचा भाता झाला, मांड्या पेटल्या. अर्ध्या वाटेत मागून जीप आली. पंजाबरावांच्या शेजारी डोक्यावर एक केस नसलेली बाई बसली होती.

"सर, राग नका मानू, पन तिकडं मंत्री येऊन बसले. ह्या सरस्वतीबाई. स्टँडवर भेटल्या. बुलढान्याले दवाखान्यात चालल्या होत्या, म्हटलं सोडून देतो." मग त्यांनी आवाज उतरवला. "इलाज चालू हाय अजून. एकदम ताजी केस."

जीप पुढे गेली. सर पाय न टेकता घाट चढले. बघायला माकडं होती.

बुलढाण्यात मंडपाच्या दारात स्वयंसेवकानं त्यांना अडवलं. "मी घाट चढून आलो," सर म्हणाले. त्यानं वाकून त्यांच्या तोंडाचा वास घेतला. "भर दुपारी टाकली का बे?"

"अरे सोड त्याहिले, सर हायेत आपले!" पंजाबराव धावत आले. सरांना वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाले, "तुम्ही तं ठणठणीत झाले, सर! घाट चढता म्हंजे काय! पुढच्या साली आता साध्या लायनीत या, फी भरून. पेशंट म्हनून नाही चालनार तुम्ही."

तीन वर्षं सर हेच ऐकायला तरसले होते. ऐकलं, आणि नजर गेली ती स्टेजवरच्या सोफ्याकडे. तिथे सरस्वतीबाई शाल पांघरून बसल्या होत्या. सगळे कॅमेरे त्यांच्यावर होते. सरांना त्या बाईचा सणसणीत राग आला. ते स्टेजवर चढले.

"भाऊ," बाईंनी हळूच विचारलं, "दवाखाना कवालोक उघडा राह्यते? हे लोकं मले सोडूनच नाही राह्यले."

केसपेपरची खिडकी बंद व्हायला अजून अर्धा तास होता. आत्ता उठल्या असत्या तर बाई पोचल्या असत्या. सरांना ती वेळ तोंडपाठ होती. त्यांनी आपल्या जबड्याकडे बोट केलं, बोलता येत नाही अशी मान हलवली आणि फोटोसाठी बाईंना खेटून उभे राहिले.